राखीव खुर्चीवर माझा बाप

त्या ठरावाखालची सही माझ्या बापाची आहे. खोटी नाही. कुणी हात धरून करवून घेतलेली नाही, दारू पाजून घेतलेली नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत शिपाई राहिलेल्या, सातवी शिकलेल्या माणसानं चष्मा लावून, दोनदा वाचून, निळ्या पेनानं केलेली सही. सूचकाच्या खाली. अनुमोदक म्हणून.

ठराव वाचा. 'रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ले-आऊटच्या पूर्व बाजूस सात फूट उंचीची संरक्षक भिंत बांधण्यात यावी, तेथील अनधिकृत पायवाट कायमची बंद करण्यात यावी, व संस्थेच्या खुल्या जागेवर सभागृह व मंदिर यांचे बांधकाम करून परिसराचा विकास साधावा. सर्वानुमते मंजूर.'

पूर्व बाजूस कोण राहतं हे ठरावात नाही. मी सांगतो. पूर्व बाजूस माझी आत्या राहते. पूर्व बाजूस साठ-सत्तर घरांचा बौद्धपुरा आहे, जिथं माझा बाप जन्मला, मी जन्मलो, जिथून माझा आजा मेलेली ढोरं ओढायला जायचा आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला पायी जाऊन आला तो परत कधी गेला नाही. गावाच्या उगवतीला महारवाडा, हा जुना हिशेब. वारा मावळतीकडून येतो, आमच्या अंगावरून वाहून गावात शिरू नये. तो हिशेब आता ले-आऊटच्या नकाशातही बसवला. २०२० साली सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची, समतानगर म्हणायचं, भीमनगर म्हणायचं. म्हणा. भिंतीला कोणत्या नावानं हाक मारायची तेही एकदा काढून टाका परिपत्रक.

ह्या पानांवर आपण गावाला शिव्या घातल्या, पाटलाला घातल्या, देवळाला घातल्या. ह्या वेळी मी घरापासून सुरू करतो. ज्याला हे आवडणार नाही त्यानं इथंच पान उलटावं.

वर्धा शहराला चिकटून नालवाडी, म्हसाळा, सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे अशी गावं आहेत. कागदावर ग्रामपंचायत, डोळ्याला शहर. जिथं कपाशी आणि तूर होती तिथं चुन्याच्या रेघा मारून दगड रोवले की ले-आऊट पडला. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट म्हणजे कोरडं बंदर निघालं, आणि दलालांच्या तोंडाला फेस आला. (समुद्र नसलेल्या जिल्ह्यात बंदर येतंय म्हणून मला गोदीत सगळे चिडवतात. मुकादम म्हणतो, जा तुझ्या गावी, तिथं लाटा मोज.) अशाच एका ले-आऊटमध्ये माझ्या बापानं फंडाच्या पैशात पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला. वर दोन खोल्या बांधायला माझी तीन वर्षांची मजुरी गेली. शेवरीला एका खोलीत सहा जण झोपून मी पैसे पाठवले. माय म्हणायची, पोराले सिमेंटचं घर पाहिजेन. पाहिजे होतं. मी नाही कशाला म्हणू?

ले-आऊटचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल तेवढाच एक वाईट. वाईट नाहीत ती माणसं. दिवाळीला फराळाचं ताट देतात. बापाला 'दादाजी' म्हणतात. सूचक निवृत्त प्राध्यापक आहेत, सूत कातत नाहीत पण खादी घालतात, सेवाग्रामला आलेल्या पाहुण्यांना बापूंची कुटी दाखवायला स्वतःच्या गाडीतून नेतात.

प्लॉटधारकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था रजिस्टर केली तेव्हा कमिटी बनवायची वेळ आली. इथं कायदा समजून घ्या, कारण सगळी गोम इथं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. अकरा जणांची व्यवस्थापक समिती असेल तर सहा जागा सर्वसाधारण, दोन बायांच्या, एक इतर मागासवर्गाची, एक भटक्या-विमुक्त आणि विशेष मागासांची, आणि एक अनुसूचित जाती-जमातीची. म्हणजे मलबार हिलपासून मेघ्यांपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत आपल्यासाठी एक खुर्ची मांडलेली आहे. ऐकून छाती फुगते ना? पुढचं ऐका. त्या संस्थेत तसा सभासदच नसेल तर ती जागा रिकामी ठेवायची, आणि कोरम मोजताना ती खुर्ची धरायची नाही.

दोस्तांनो, ह्या देशात आपल्यावर किती कविता झाल्या, किती प्रबंध झाले. पण आपली जागा इतक्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती. खुर्ची आहे. माणूस नाही. सभा भरली असं समजावं.

माणूस नसतो का? मुंबईत माझा एक दोस्त, बँकेत क्लार्क, खोली बघायला गेला की दलाल आधी फ्लॅट दाखवतो, मग आडनाव विचारतो, मग 'मालकांना फोन करून सांगतो' म्हणतो. तो फोन चार वर्षं चालू आहे. मटण खाता का, हा प्रश्न तर आता सभ्य माणसं विचारतात. कायद्यात कलम २३ आहे, खुलं सभासदत्व, पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासद करायला नकार देता येत नाही. पण नकार कोण देतो? सोसायटीच्या दाराशी पोचायच्या आधीच तो मिळालेला असतो. रजिस्ट्रारकडे अपील कशाचं करायचं, दलालाच्या फोनचं?

आणि ही सहकाराला नंतर लागलेली कीड आहे असं समजू नका. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालची, गावदेवीची, सारस्वतांची. एका जातीनं एका जातीसाठी काढलेली. भाडेकरूला मालकाच्या जाचातून सोडवायचं म्हणून काढली, चांगलं केलं. पण सोडवणूक जातीपुरती. म्हणजे ह्या चळवळीच्या पाळण्यातच दाराला कडी होती. पुढं २००५ साली सुप्रीम कोर्टापुढं अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीचा खटला आला. पोटनियमात लिहिलेलं, सभासद फक्त पारशी. कोर्टानं तो पोटनियम उचलून धरला. म्हणालं, संस्था काढायचं स्वातंत्र्य आहे, आणि खुलं सभासदत्व म्हणजे पोटनियमांच्या आतलं खुलं. कायदा गुजरातचा, १९६१ चा, पण आपल्या १९६० च्या कायद्याचा सख्खा भाऊ. पारशी मूठभर उरलेत, त्यांना एकत्र राहावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण त्या किल्लीशी आहे, जी मूठभरांसाठी घडवली आणि आता ज्यांची संख्या सगळ्यात जास्त ते खिशात घालून फिरतात. आणि बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या टोळक्यानं त्यांना काढलं होतं, हे मला तो निकाल समजून घेताना आठवू नये काय? आठवतं. काय करू.

तर आमच्या ले-आऊटमध्ये गंमत उलटी झाली. खुर्चीसाठी माणूस सापडला. दलालानं प्लॉट विकताना आडनाव नीट ऐकलं नव्हतं, आणि माझा बाप बसला राखीव खुर्चीवर.

बसला म्हणजे कसा? सभा मंदिरासाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आरतीनंतर. बाप आरतीला जात नाही, म्हणून आरतीनंतरही जात नाही. मग रजिस्टर घरी येतं. एक पोरगा सायकलवर आणून देतो, 'दादाजी, इथं इथं'. चार वर्षांत बापानं एकही सभा पाहिली नाही आणि प्रत्येक सभेला तो हजर आहे. रजिस्टर चाळा, सगळीकडे त्याची वळणदार सही. कोरम पुरा.

अकरांपैकी दहा जणांच्या सह्या असताना त्यांना बापाचीच अनुमोदनाला का लागली, हे मला आधी कळलं नाही. मी दहावी पास माणूस, वजन उचलायचं काम करतो. मग एका वकील दोस्तानं समजावलं. अॅट्रॉसिटीच्या १९८९ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जातीच्या माणसाला रस्ता किंवा वाट वापरायला अडवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. पण आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे. कळलं? वस्तीतून कुणी तक्रार घेऊन उभा राहिला की प्राध्यापक रजिस्टर उघडून दाखवणार, पहा, अनुमोदक तुमचाच माणूस आहे, इथं जातीचा प्रश्नच कुठं येतो. बापाची सही त्या भिंतीच्या पायातला पहिला दगड आहे. बाकी विटा त्यावर रचल्या.

मी एप्रिलमध्ये जयंतीला घरी गेलो तेव्हा भिंत झालेली होती. आत्याचं घर भिंतीपलीकडे तीस पावलांवर. आता तिला भावाकडे यायला नाल्याच्या पुलावरून वळसा, दोनेक किलोमीटर. गुडघे गेलेली बाई. ती उलट्या घमेल्यावर उभी राहते आणि भिंतीवरून आंबाडीच्या भाजीची पिशवी पुढं करते. माय इकडून स्टुलावर चढून घेते. दोघी काही बोलत नाहीत. बाप त्या वेळी घरात टीव्हीचा आवाज वाढवतो.

पोरं शाळेत जातात ती वळसा घालून. मागं शेत होतं तेव्हा धुऱ्यावरून वाट होती, आजा त्या वाटेनं गेला, शेतमालकानं कधी अडवलं नाही. पाटील अडवत नव्हता ते सोसायटी अडवते. हे लिहिताना माझा हात थांबतो, मी काय पाटलाचं गुणगान गातोय काय? नाही. पाटलाला आमची मजुरी पाहिजे होती, सकाळी सातला आम्ही त्याच्या शेतात पोचलो नसतो तर त्याचं नुकसान. ले-आऊटला आमचं काहीच नको. भांडी घासायच्या बायासुद्धा पुढच्या फाटकातून, ओळखपत्र दाखवून.

बापाशी बोललो. रात्री, गच्चीवर.

"बाबा, वाचलं होतं का?"

"हाव. वाचलं."

"मग काऊन केली सही?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "नाई म्हणलं असतं तं काय झालं असतं? दहा जनं आहेत. भिंत उठलीच असती. माही खुर्ची गेली असती. खुर्ची गेली तं मंग आपलं कोन हाये तेथं?"

"खुर्चीवर बसून का केलं तुम्ही?"

"तुले नाई समजत. चौतीस वर्सं म्या साह्याबाच्या खुर्च्या पुसल्या. पुसतानी कधी बसून नाई पाह्यलं. हे लोकं मले दादाजी म्हनतात."

मी गप्प झालो. गोदीत मी मुकादमाशी भांडतो, ठेकेदाराच्या माणसाशी भांडतो, पण ह्याला उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अजून नाही. फक्त एवढं कळलं की त्यांनी माझ्या बापाला विकत घेतला नाही, फसवला नाही. त्याला 'दादाजी' म्हटलं. खर्च काही नाही आला.

आता त्यांच्या 'अनधिकृत पायवाटे'चं बघू. खाजगी ले-आऊट, खाजगी रस्ता, आमची मर्जी, असा दावा आहे. ही भाषा मी आधी ऐकलेली आहे. महाडला नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव रजिस्टरात, तळं बंदच. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले तेव्हा कुठं तो ठराव ठराव झाला, आणि लगेच ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं तो मागं घेतला. मग सवर्ण कोर्टात गेले ते काय म्हणत? तळं खाजगी आहे. ज्या पाण्यावर ढोरं जात, मुसलमान जात, ते आम्ही ओंजळ भरली की खाजगी झालं. १९३७ साली मुंबई हायकोर्टात ते हरले. दहा वर्षं लागली. आपल्या लोकांना मार किती बसला ते वेगळंच.

म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दोन महिन्यांनी मंजूर ले-आऊटचा नकाशा हातात आला, आणि तो बघून मी गोदीच्या गेटवर एकटाच हसलो. नऊ मीटरचा एक रस्ता पूर्वेकडे जातो आणि थेट हद्दीच्या रेघेवर थांबतो. नगररचनेच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे, पुढच्या जमिनीला जोडायला ठेवलेला रस्ता. भिंत पायवाटेवर नाही, रस्त्यावर बांधली आहे. आणि ती 'संस्थेची खुली जागा'? ४० गुंठ्यांपासून पुढच्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडायची, खेळायला, बसायला, हा बांधकाम नियमावलीतला नियम. सोडायची, म्हणून तर बाकीचे प्लॉट विकायची परवानगी मिळते. ती जागा कुणाच्या देवाच्या बापाची नाही. उद्या तिथं विहार बांधायला निघाले तरी मी हेच म्हणणार, आणि आपल्यातले काही जण तसं म्हणायला लागले आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्यांनी मंदिर बांधलं तर आपण विहार बांधू, आणि दोघांच्या मधे पोरांना खेळायला गटार राहील.

वर्धा म्हणजे कुठलं गाव विसरू नका. १९२८ साली जमनालाल बजाजांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं, त्याचा डंका देशभर वाजला. विनोबा नालवाडीत जाऊन राहिले. १९३६ साली गांधी शेगावात जाऊन बसले, पुढं त्याचं सेवाग्राम झालं. जिल्ह्यात बापूंच्या नावानं दारूबंदी आहे, आणि दारू पाहिजे तिथं मिळते. रस्ता मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी देवळाचं दार उघडायला एका शेठचं मन लागलं. भिंतीतलं दार उघडायला मन चालत नाही, त्याला सर्वसाधारण सभेतली बहुमताची मतं लागतात. शेठ एक होता, हे एकशे बारा प्लॉटधारक आहेत, प्रत्येक जण म्हणतो माझा विरोध नाही हो, पण कमिटीनं ठरवलं.

२०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायला जुनी झाडं तोडायला घेतली तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उतरली. तोड थांबवली. बरं केलं. मी तेव्हा शाळेत होतो, आम्ही पोरंही बघायला गेलो होतो. आमच्या ले-आऊटमधलेही दोघं-तिघं तिथं फलक धरून उभे होते, विकासाच्या नावाखाली लोकांना न विचारता निर्णय घेता कसे, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं होतं. तो फलक अजून कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर मला पाहिजे. वस्तीच्या बाजूनं भिंतीवर टांगायचा आहे.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही जे हे पान ठाण्यात, कल्याणात, पिंपरीत, नागपुरात बसून वाचताय. तुमच्यातले काही फ्लॅट घेतलेत, काही घेणार. घ्या. बाबासाहेबांनी शहरात चला सांगितलं ते झोपडीत राहायला नव्हे. पण दारावर आडनाव लावता की नुसतंच 'स्वागतम्'? सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीची वर्गणी टाकता, चौदा एप्रिलचा फोटो टाकायला मात्र दहा वेळा विचार करता. आणि कधीतरी राखीव खुर्चीवर तुम्हाला बसवतात, रजिस्टर घरी येतं. तेव्हा काय करता? माझ्या बापाला मी शिव्या घालतोय असं वाटून खूश होऊ नका. तो शिपाई होता, त्याला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. तुम्ही एम.ए., एम.एस्सी., तुम्हाला खुर्च्यांची सवय आहे. सही करण्याआधी त्याच पानावर 'माझा विरोध आहे' हे तीन शब्द लिहायला तुम्हाला काय होतं? तीन शब्दांनी भिंत थांबत नाही, मला माहीत आहे. पण मग निदान ती 'सर्वानुमते' उठत नाही. त्यांना आपली भीती नाही, आपली अडचण वाटू द्या.

कामाचं सांगतो. नकाशाची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, त्यावर वस्तीतल्या एकूणएक बायांच्या सह्या आहेत, पुरुषांच्या कमी. रजिस्ट्रारकडे दुसरा. आत्यानं अर्जावर अंगठा नाही दिला, सही केली. प्रौढ शिक्षणात शिकलेली, 'शेवंता' एवढंच येतं, तेवढंच लिहिलं.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. मी सभासद नाही, मला आत बसता येणार नाही. बाप सभासद आहे, कमिटीवर आहे. त्याला म्हटलं, त्या दिवशी शेडमध्ये जायचं, खुर्चीवर बसायचं आणि अनुमोदन मागं घेतो असं उभं राहून सांगायचं. लिहून द्या असं म्हणतील, म्हणून मी लिहूनच पाठवलं आहे, सहा ओळी, कवितेसारखं काही नाही त्यात. मुकादम म्हणाला, चार दिवस गेलास तर टोळीतली जागा जाईल. जाऊ दे.

काल फोन केला. विचारलं, कागद पोचला का. म्हणाला, पोचला. वाचला का? म्हणाला, दोनदा. मग बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "तू ये. स्टेशनवरून आधी आत्याच्या घरी ये, म्याही तिकडूनच येतो."